साल्हेर एका दिवसात: आधी परतीची वेळ ठरवा

'ताई, नमस्कार. मी धुळ्यात देवपूरला राहते. वय 44, पतपेढीत नोकरी. आम्ही पाच मैत्रिणी आणि माझी 12 वर्षांची मुलगी, अशा सहाजणींनी डिसेंबरात साल्हेर किल्ला करायचे ठरवले आहे. रात्रीचा मुक्काम कोणालाच घरून जमणार नाही, म्हणून पहाटे निघून रात्री परत यायचे. आजवर सप्तशृंगीच्या पायऱ्या आणि दोनदा धुळ्याजवळचा लळिंग किल्ला, एवढाच अनुभव. घरचे म्हणतात, एका दिवसात झेपायचे नाही, काही झाले तर कोण निस्तरणार? खरेच झेपेल का? दुसरे असे की आमच्यातल्या एकीचे गुडघे दुखतात. ती सगळ्यांत जास्त उत्साहात आहे, पण तिच्यामुळे सगळ्यांचाच बेत फसेल असे बाकीच्यांना वाटते. तिला वगळून व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरा ग्रुप काढला आहे आणि आता सगळे तिथेच ठरते. तिला 'तू येऊ नकोस' हे कसे सांगू? सासूबाईंनी गडावरच्या परशुरामाला नारळ द्यायला सांगितले आहे. कधी निघायचे, काय न्यायचे, सगळे सविस्तर सांगा.'
– एक वाचक, धुळे

नमस्कार.

तो दुसरा ग्रुप आजच बंद करा. साल्हेरबद्दल मी पुढे सांगणारच आहे, पण हे आधी. तुमची मैत्रीण पहिल्या ग्रुपवर रोज विचारत असेल, 'काय गं, ठरले का?' आणि तुम्ही चौघीजणी गप्प बसत असाल. गुडघ्याचे दुखणे माणूस सहन करतो, हे सहन होत नाही. शिवाय ते लपणारही नाही. धुळ्यासारख्या गावात कोणी ना कोणी फोटो दाखवेलच. तिला काय सांगायचे ते मी खाली लिहिते. मात्र 'येऊ नकोस' हे वाक्य त्यात नसेल, एवढे आताच सांगते.

आता गडाचे. हो, झेपेल. पण सहज झेपेल असे मी म्हणणार नाही. साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला आहे, 1567 मीटर. राज्यात त्याच्याहून उंच फक्त कळसूबाईचे शिखर. लळिंग चढताना आपण मागे वळून महामार्गावरच्या गाड्या मोजतो, तोवर माथा येतो. साल्हेरवर तसे नाही. तिथे एक टप्पा संपला की वर दुसरा उभा दिसतो, आणि तो संपला की तिसरा. पायऱ्या, दरवाजे, कातळातली आडवी वाट, मग पठार, गुहा आणि सगळ्यांत शेवटी परशुरामाच्या मंदिराचा तो उभा सुळका. घरून 'झेपायचे नाही' म्हणणाऱ्यांनी हा गड पाहिला असेल तर त्यांचे अगदीच चूक नाही. पाहिला नसेल, तर त्यांना आपण वेळेचा कागद दाखवू.

नकाशावर साल्हेर नाशिक जिल्ह्यात, बागलाण तालुक्यात आहे. 1869 साली नाशिक जिल्हा वेगळा झाला, त्याआधी बागलाण खानदेशातच मोडत असे. आजही सटाणा-ताहाराबादच्या बाजारात अहिराणी ऐकू आली की परमुलखात आल्यासारखे वाटत नाही. 'कथा जाई ऱ्हायनात माय?' म्हणजे कुठे चाललात, असे कोणी विचारले तर थांबून नीट उत्तर द्या. गडाच्या वाटेवरची निम्मी माहिती अशाच बोलण्यातून मिळते.

मी स्वतः पहिल्यांदा साल्हेरला गेले ती मार्चात, चौघीजणी मिळून. वाटेत चहा, मग नाश्ता, मग एका देवळात दर्शन, असे करत पायथ्याशी पोहोचायला दहा वाजले. 'चढू हळूहळू' म्हणत निघालो. एक वाजता अर्ध्यावर होतो आणि कातळ असा तापला होता की हात टेकवेना. प्रत्येकीकडे एकेक लिटरची बाटली होती, ती तिथेच संपली. तरीही 'एवढे आलो आहोत तर' म्हणून वर गेलो. माथ्यावर चार वाजले. उतरताना दिवस मावळला, बॅटरी दोघींकडेच होती, आणि एकीला चक्कर येऊ लागली. गावातला एक गुराखी मुलगा कंदील घेऊन वर आला म्हणून आम्ही खाली उतरलो. चूक आमची होती, चौघींचीही. आम्ही घरून निघण्याची वेळ ठरवली होती, परतायची ठरवली नव्हती.

म्हणून तुमचा दिवस मी उलटा मांडून देते.

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. डोंगराच्या सावलीत त्याहीआधी अंधारून येते. म्हणजे शेवटच्या बाईचा पाय साडेचारपर्यंत गावच्या रस्त्याला लागला पाहिजे. मध्ये एखादीचा पाय मुरगळला तरी उजेड हाताशी राहतो. तुमच्यासारख्या सवय नसलेल्या गटाला उतरायला तीन तास धरा. लोक म्हणतात उतरण सोपी. सोपी नसते, थकलेल्या पायांनी तर मुळीच नाही. मधल्या बैठका धरल्या तर दुपारी एक वाजता तोंड खाली वळलेच पाहिजे. जिथे असाल तिथून. परशुरामाचे मंदिर डोक्यावर शंभर पावलांवर दिसत असले तरी.

चढायला साडेचार ते पावणेपाच तास द्या. सरावलेली मंडळी तीन तासांत जातात, त्यांच्याकडे पाहू नका. साडेबाराला वर पोहोचायचे असेल तर पावणेआठला चढायला सुरुवात हवी. त्याआधी अर्धा तास चहा, नैसर्गिक विधी, वाटाड्या शोधणे, बूट बांधणे यात जातो. म्हणजे सव्वासातला गावात. धुळ्याहून साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद, मुल्हेर करत साल्हेरवाडीला जायला साडेतीन तास लागतात असे समजा. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण पिंपळनेरनंतर गाडीचा वेग कमीच राहतो. तर घरून निघायचे पावणेचारला. पावणेचारला गाडी सुटली पाहिजे, पहिलीच्या दारात नुसती उभी राहिलेली चालणार नाही. पाच घरे फिरून सगळ्यांना घ्यायला देवपुरातच अर्धा तास जातो, म्हणून आदल्या रात्री सगळ्यांनी एकीच्याच घरी झोपा. मुक्काम घरून जमणार नाही असे लिहिले आहे तुम्ही, पण गावातल्या गावात मैत्रिणीकडे एक रात्र झोपायला तरी हरकत नसावी.

हे वेळापत्रक कागदावर लिहून स्वयंपाकघरात फ्रिजवर लावा. घरचे विचारतात ना, काही झाले तर? त्यांना सांगा: साडेचारपर्यंत आम्ही खाली असू, पाचला निघू, नऊपर्यंत घरी. डोंगरावर रेंज सगळीकडे मिळेलच असे नाही, म्हणून साडेसहापर्यंत आमचा फोन आला नाही तर या क्रमांकावर, म्हणजे गावातल्या ज्यांच्याकडे जेवण सांगितले आहे त्यांच्या क्रमांकावर विचारा. धीराचे शब्द ऐकून घरच्यांची काळजी जात नाही. एक वेळ आणि एक फोन नंबर मिळाला की बरीच जाते. माझ्या सासरी तरी तसेच झाले.

रविवारऐवजी शनिवार जमतो का पाहा. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले, त्यात साल्हेर आहे. रविवारी गर्दी होते, आणि अरुंद पायऱ्यांवर वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर आले की तुमच्या हिशेबातला अर्धा तास तिथेच जातो. तुमच्या पतपेढीला दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी सुट्टी असेल तर तोच धरा. मग रविवारचा दिवस पाय शेकायला मिळतो. शाळेत शिकवणारी कोणी असेल तिने एक रजा टाकावी, शनिवारची सकाळची शाळा करून हा बेत जमणार नाही.

आता तुमच्या मैत्रिणीकडे येते.

तुम्ही तिच्या गुडघ्यांचा निर्णय तिच्याशिवाय घेऊन टाकलात. कदाचित तिला खरेच जमणार नाही. पण ते तिने स्वतः चालून पाहून ठरवायचे. डिसेंबरला अजून वेळ आहे. येत्या रविवारपासून सहाही जणी लळिंगला जा, प्रत्येक रविवारी. सकाळी सहाला पायथ्याशी. पहिले दोन रविवार नुसते चढा-उतरा. तिसऱ्या रविवारी प्रत्येकीने पाठीवर तीन लिटर पाणी घ्या. चौथ्या रविवारी तेच ओझे घेऊन एकाच सकाळी दोनदा चढा आणि दोनदा उतरा. मधल्या दिवसांत घरचे, ऑफिसचे जिने. दुसऱ्यांदा उतरल्यावर आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे काय म्हणतात ते लिहून ठेवा. फक्त तिचेच नाही, सहाही जणींचे. मी पैजेवर सांगते, त्या सोमवारी कुरकुरणारा गुडघा तिच्या एकटीचा नसेल.

या सरावाआधी तिने एकदा तिच्या डॉक्टरांना दाखवावे. सूज येते का, जिना उतरताना जास्त दुखते का, गुडघा अडकतो का, हे त्यांना नेमके सांगावे. उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. म्हणून चढताना ठणठणीत असलेली बाई उतरताना रडकुंडीला येते. काठी किंवा ट्रेकिंग पोल दोन्ही हातांत असले तर हा भार बराच हलका होतो. उंच पायरीवर आडवे वळून उतरावे. आणि दुखायला लागायच्या आधीच गोळी खाऊन चढू नये, कारण मग गुडघा काय सांगतो ते कळतच नाही.

तिला काय सांगायचे? एवढेच: 'साल्हेर लळिंगच्या कितीतरी पट आहे. आम्हाला तुझ्या गुडघ्यांची काळजी वाटते आणि आम्ही ते तुझ्यापासून लपवले, ते चुकले. चार रविवार लळिंग करू. मग तूच सांग.' चौथ्या रविवारनंतर ती 'जमते' म्हणाली आणि तुम्हालाही ते दिसले, तर ती येईल आणि सगळ्यांत पुढे चालेल. हळू चालणारीला पुढे ठेवायचे, हा डोंगरातला जुना नियम आहे. ती मागे राहिली की तिला बाकीच्या कधीच गाठता येत नाहीत. पुढच्या थांबून विश्रांती घेतात, ती धापा टाकत पोहोचते, आणि तोवर पुढच्या उठून निघतात. सगळ्यांत कमी विश्रांती सगळ्यांत जास्त दमलेलीला मिळते. ती पुढे असली की गटाची चाल तिची असते, आणि वर दिलेले तास मी त्याच चालीचे दिले आहेत.

ती 'नाही जमणार' म्हणाली तरी तिने तुमच्यासोबत यावे असे मला वाटते. मुल्हेर गावात उद्धव महाराजांची समाधी आहे, कोजागरीची रासक्रीडा जिथे होते ते हेच गाव. बागुल राजांच्या बागलाणची राजधानी मुल्हेर. एक दिवस तिथे चांगला जातो. किंवा तिने पहिल्या दरवाजापर्यंत चढावे आणि निवांत उतरून गावात थांबावे. घरी फोन करायचे काम तिच्याकडे द्या. खाली एक जाणकार माणूस असणे ही किती मोठी सोय आहे ते मी कंदिलाच्या त्या रात्री शिकले. पण हेही तिनेच निवडायचे.

वाटेचे सांगते. साल्हेरला दोन वाटा जास्त वापरात आहेत: एक वाघांबे गावातून साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीत चढणारी, दुसरी साल्हेरवाडीची. पुष्कळजण एकीने चढून दुसरीने उतरतात, कारण त्यात गड पूर्ण पाहून होतो. तुम्ही तसे करू नका. साल्हेरवाडीनेच चढा आणि तिथूनच उतरा. ही वाट रुळलेली आहे, एकामागून एक दरवाजे लागतात, त्यामुळे आपण किती आलो याची खूण मनात राहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आलेल्याच वाटेने उतरायचे असले की मध्येच परत फिरणे सोपे जाते. पलीकडच्या गावात गाडी उभी असली की थकलेली माणसेही पुढेच रेटत राहतात.

सालोटा तर विसरूनच जा. फोटोंत तो शेजारीच दिसतो आणि 'तासाभराचा तर आहे' असे कोणीतरी म्हणतेच. तो उभा आहे, घसाऱ्याचा आहे, आणि तुमच्या दिवसात त्याला जागा नाही. पुढच्या वर्षी या, सालोट्यासाठीच या.

गावातला वाटाड्या घ्या. वाट रुळलेली आहे, तरी पावसाळ्यानंतर गवत उंच वाढलेले असते आणि ढोरवाटा फसवतात. पैसे निघायच्या आधी ठरवा आणि उतरल्यावर ठरल्याहून थोडे जास्त द्या. त्याच घरी किंवा शेजारी साडेचारच्या जेवणाचे सांगून ठेवा: भाकरी, पिठले, ठेचा, कांदा. गरम भाकरी आपली वाट पाहते आहे हे माहीत असले की उतरताना पाऊल नीट पडते.

वर काय पाहाल? पठारावर गंगासागर तलाव आहे, कातळात खोदलेल्या गुहा आहेत. माझ्या मते या गुहा हेच तुमचे ठिकाण समजा. तिथे बसून डबा खा. त्यापुढचा मंदिराचा टप्पा उभा आहे आणि पायाखालचा मुरूम सरकतो. साडेबाराच्या आत गुहांशी पोहोचलात, सगळ्यांचे पाय नीट आहेत, वारा बेताचा आहे, तरच वर जा. मुलीला वाटाड्याच्या मागे आणि तुमच्या पुढे ठेवा. परशुरामाने इथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण निर्माण केले अशी कथा आहे. मंदिरात त्याच्या पादुका आहेत. हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून मांगी-तुंगीची जोडशिखरे, मुल्हेर, मोरा, हरगड, अगदी समोर सालोटा, आणि सह्याद्रीची ही सगळी रांग एकामागे एक निळी होत गेलेली दिसते. मुलीला तिथे उभे करून खालचे मैदान दाखवा. 1672 च्या फेब्रुवारीत तिथे मोगलांशी उघड्या मैदानावर लढाई झाली. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजेने ती जिंकली आणि सूर्याजी काकडे त्यात कामी आले. गनिमी काव्याने नव्हे, समोरासमोर लढून मिळवलेला तो विजय होता. पुस्तकात चार ओळीत संपते ते, वरून पाहिले की केवढे मैदान होते ते कळते. मला ते तिथेच कळले.

पाणी: माणशी तीन लिटर, थंडी असली तरी. गावातून भरून घ्या, गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका. तहान लागेपर्यंत थांबू नका, दर अर्ध्या तासाला चार घोट. दोन बाटल्यांत ओआरएस कालवून न्या. पाकिटे मिळाली नाहीत तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. कोणाला रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर तिने ती नेहमीच्या वेळी घ्यायची, 'आज प्रवास आहे' म्हणून टाळायची नाही, आणि कोणती गोळी चालू आहे ते सगळ्यांना माहीत हवे. चालताना कोणी असंबद्ध बोलू लागली, घाम यायचा थांबला, अंग तापले, तर तो नुसता थकवा नाही. सावलीत आडवे करा, कपडे सैल करा, मानेवर आणि काखेत ओले फडके ठेवा आणि वाटाड्याला खाली पिटाळा. रुग्णवाहिका 108.

खायला आपल्या दशम्याच न्या. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी दिवसभर मऊ राहते, पाणी जास्त लागत नाही आणि पोट धरते. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दोन-दोन केळी. जळगावची केळी असताना चॉकलेटची काय गरज? केळी मात्र डब्यात घाला, पिशवीत त्यांचा लगदा होतो. फरसाण-वेफर्स घेऊ नका, तहान वाढते. आणि पहाटे निघताना प्रत्येकीने थोडे तरी खाऊन निघायचे. उपवास त्या दिवशी नको. कोणाचा शनिवार असेल तर तिने देवाला सांगून पुढच्या आठवड्यात धरावा.

बूट चांगल्या पकडीचे हवेत, पण नवे कोरे नकोत. नवे घ्यायचे असतील तर लळिंगच्या पहिल्या रविवारी घाला. पायाच्या बोटांची नखे दोन दिवस आधी कापा. उतरताना बोटे पुढे आदळतात आणि वाढलेले नख काळे पडते. मोजे लांब घाला. डिसेंबरात गवत वाळलेले असते आणि कुसळे मोज्यांत घुसून दिवसभर टोचत राहतात. ट्रॅक पँट किंवा सलवार, डोक्याला रुमाल किंवा टोपी, पहाटेसाठी स्वेटर. अत्तर, बॉडी स्प्रे अजिबात नको, कड्यांवर आग्यामोहळे असतात. गुहेत किंवा कड्याखाली ओरडणे, धूर करणे टाळा. माश्या उठल्याच तर तोंड-डोके ओढणीने झाकून त्या जागेपासून लांब निघायचे, हात झटकत उभे राहायचे नाही. दगडावर हात टेकताना आधी पाहा, मग टेका. आपल्या डोंगरांत फुरसे असते आणि ते दगडाच्याच रंगाचे. कोणाला चावलेच तर चिरायचे नाही, आवळून बांधायचे नाही. तो पाय हलू न देता, उचलून खाली आणायचे आणि सरळ सरकारी दवाखान्यात न्यायचे.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण सगळ्या बायकांच्या मनात असते. वर स्वच्छतागृह नाही. गावात ज्यांच्याकडे जेवण सांगाल त्या घरातल्या बाईशी आधीच बोला, सकाळी आणि संध्याकाळी सोय होईल. वर लाज वाटते म्हणून पाणी कमी पिऊ नका, चक्कर पुष्कळदा यामुळेच येते. दोघींनी ओढणी धरायची आणि वाटेपासून, पाण्याच्या टाक्यांपासून लांब जायचे. ज्या कोणाची पाळी असेल तिने घरी थांबायचे कारण नाही. कागदात गुंडाळलेले पॅड घट्ट पिशवीत घालून परत आणायचे, एवढेच. मुलीलाही हे आधी सांगून ठेवा, तिचे वय तेच आहे.

आता ज्याची मला डोंगरापेक्षा जास्त भीती वाटते ते: परतीचा रस्ता. तुमच्यापैकी कोणी गाडी चालवणार असेल तर तो बेत सोडा. पहाटे तीनला उठून, नऊ तास डोंगर तुडवून, मग अंधारात साडेतीन तास गाडी चालवणे हे धाडस नाही, तो धोका आहे. चालकासह गाडी करा. चालकाला स्पष्ट सांगा की दिवसभर त्याने गावात झोपायचे आहे, त्याच्या जेवणाचेही त्याच घरी सांगा. संध्याकाळी ताहाराबाद-पिंपळनेर पट्ट्यात कांद्याचे ट्रॅक्टर आणि उसाच्या गाड्या असतात, पुष्कळांना मागे दिवाही नसतो. चालकाशेजारच्या जागेवर आळीपाळीने एकीने जागे बसायचे, दर अर्ध्या तासाने बदली. आणि साक्रीला दहा मिनिटे थांबून चहा घ्यायचा, घर जवळ आले म्हणून टाळायचा नाही.

एक वाजता परत फिरायचे म्हटले ते पुन्हा सांगते, कारण वर गेल्यावर हेच सगळ्यांत अवघड जाते. हा निर्णय वर घेऊ नका, इथेच घ्या, लळिंगच्या पायथ्याशी, सहाही जणींच्या समोर. आणि 'वाजला एक' हे म्हणायचे काम मुलीला द्या. घड्याळ तिच्या हातात बांधा. मोठ्यांना मोठ्यांचा आग्रह मोडवत नाही, पण 12 वर्षांच्या मुलीने घड्याळ दाखवले की सगळ्या ऐकतात. तिलाही त्या दिवशी आपण नुसते मागे चालत नाही, एक जबाबदारी आपल्याकडे आहे, असे वाटेल.

सासूबाईंचा नारळ जरूर न्या. सोलून, शेंडी ठेवून न्या म्हणजे ओझे कमी होईल. मंदिरापर्यंत गेलात तर तिथे फोडा आणि करवंटी, अगरबत्तीचे वेष्टन, सगळे पिशवीत परत आणा. गुहांशीच थांबावे लागले तर तिथून वर मंदिराकडे तोंड करून नमस्कार करा आणि नारळ घरी आणून सासूबाईंच्या हाती द्या. त्या समजून घेतील, आणि नाही घेतले तर माझे हे पत्र त्यांना वाचून दाखवा.

दशम्या शुक्रवारी दुपारीच करून ठेवा, रात्रीवर टाकू नका. नऊच्या आत झोपायचे आहे.

– तुमची ताई